तपास चालू आहे : लुडविग्सबुर्गच्या मध्यवर्ती कार्यालयाची वाटचाल

जर्मनीतील लुडविग्सबुर्ग हे शहर स्टुटगार्टच्या उत्तरेला, हाकेच्या अंतरावर आहे. तिथला अठराव्या शतकातला भव्य राजवाडा पाहायला देशोदेशीचे प्रवासी येतात. त्याच शहरात शोर्नडॉर्फर रस्त्यावर ५८ क्रमांकाची इमारत आहे. पूर्वी ती स्त्रियांचा तुरुंग होती, आता तिथे सरकारी दप्तर आहे. दारावरचे नाव चांगले लांबलचक : ‘नाझी गुन्ह्यांच्या उलगड्यासाठी राज्य न्यायखात्यांचे मध्यवर्ती कार्यालय’. बोलताना सगळे नुसते ‘मध्यवर्ती कार्यालय’ म्हणतात.

पोलिसी भाषेत सांगायचे तर जुन्या, छडा न लागलेल्या खुनांचा फेरतपास करणारे हे पथक. एरवी अशा पथकापुढे एक प्रेत, एक घटनास्थळ आणि दोन-चार संशयित असतात. इथे प्रेतांची गणती लाखांत, घटनास्थळे परमुलखात, आणि संशयित मात्र घरी परतून संसाराला लागलेले.

१ डिसेंबर १९५८ रोजी कामाला सुरुवात झाली तेव्हा काही वर्षांत सगळे आटोपेल असाच सर्वांचा हिशेब होता. कार्यालय तात्पुरते, माणसे उसनवार आणलेली, कामाची मुदत कायद्यानेच बांधलेली. त्या तात्पुरत्या कार्यालयाचा २०१८ साली हीरकमहोत्सव झाला आणि आता ते अमृतमहोत्सवाच्या वाटेवर आहे. ही मुदत दर वेळी कशी वाढत गेली आणि ती वाढवून घेण्यासाठी कोणी काय कष्ट उपसले, त्याचा हा दशकवार आढावा.

स्थापनेची पार्श्वभूमी : १९४५ ते १९५८

महायुद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांनी न्युरेम्बर्गला नाझी राजवटीच्या म्होरक्यांवर खटले चालवले. त्यानंतर लष्करी न्यायालयांत आणि जर्मन न्यायालयांतही बरेच खटले झाले. पण १९४९ साली पश्चिम जर्मनीचे प्रजासत्ताक उभे राहिले आणि पन्नासच्या दशकात हा ओघ आटत गेला. घरे बांधायची होती, कारखाने चालू करायचे होते. मागचे उकरून काढण्याची हौस फारशी कोणाला नव्हती. शिक्षा झालेले कित्येक जण माफी मिळवून बाहेरही आले होते.

कायद्यातही एक मेख होती. जर्मनीत तपासाची सूत्रे सरकारी वकिलाच्या हाती असतात आणि पोलीस त्याच्या सूचनेनुसार काम करतात. गुन्हा आपल्या हद्दीत घडला असेल किंवा आरोपी आपल्या हद्दीत राहत असेल, तरच सरकारी वकील हालचाल करणार. खून झालेले लिथुआनियात, पोलंडमध्ये, युक्रेनमध्ये. आरोपी कोण आणि राहतो कुठे याचा पत्ता नाही. मग फाइल उघडायची कोणी? हद्दीचा हा वाद आपल्याकडे पोलीस ठाण्याची पायरी चढलेल्या माणसाला नवा वाटणार नाही.

कोंडी फुटली ती एका आरोपीच्या आगाऊपणामुळे. बर्नहार्ड फिशर-श्वेडर हा युद्धकाळात मेमेल शहराचा पोलीसप्रमुख होता. युद्धानंतर तो उल्म शहरातल्या निर्वासित छावणीचा व्यवस्थापक झाला. पूर्वेतिहास बाहेर आल्यावर नोकरी गेली, तेव्हा गप्प बसण्याऐवजी त्याने सरकारी सेवेत परत घ्यावे म्हणून दावा लावला. दाव्याची बातमी वर्तमानपत्रात आली, ती वाचून कोणीतरी त्याला ओळखले आणि नोकरीचा दावा खुनाच्या खटल्यावर जाऊन थांबला. १९४१ च्या उन्हाळ्यात लिथुआनियाच्या सीमापट्टीत ५,५०२ माणसांना, मुख्यतः ज्यूंना, गोळ्या घालण्यात आल्या होत्या. त्या प्रकरणी एप्रिल १९५८ मध्ये उल्मच्या न्यायालयात दहा जण उभे राहिले. २९ ऑगस्टला निकाल लागला आणि सर्वांना ३ ते १५ वर्षांच्या शिक्षा झाल्या.

निकालापेक्षा जास्त बोलबाला झाला तो खटल्यातून उघड झालेल्या वस्तुस्थितीचा. एवढे मोठे हत्याकांड, त्याचे कागद शाबूत, आणि करणारे तेरा वर्षे उजळ माथ्याने वावरत होते! हे एक प्रकरण योगायोगाने हाती लागले; न लागलेली किती असतील? स्टुटगार्टचे वरिष्ठ सरकारी वकील एरिख नेलमान यांनी सप्टेंबरमध्ये वर्तमानपत्रात लेख लिहून अशा तपासासाठी एकच मध्यवर्ती यंत्रणा हवी अशी मागणी केली. बाडेन-व्युर्टेम्बर्गचे न्यायमंत्री वोल्फगांग हाउसमान यांनी ती उचलून धरली. ऑक्टोबर १९५८ मध्ये बाड हार्झबुर्ग येथे भरलेल्या राज्यांच्या न्यायमंत्र्यांच्या परिषदेत कार्यालयाच्या स्थापनेवर शिक्कामोर्तब झाले. ठराव ते प्रत्यक्ष कामकाज, मध्ये दोन महिनेही गेले नाहीत.

मुहूर्त आणि पहिली पावले : १९५८ ते १९६०

पहिले प्रमुख म्हणून एर्विन श्युले यांची नेमणूक झाली. उल्मचा खटला त्यांनीच चालवला होता, त्यामुळे कागदांतून माणूस कसा शोधायचा याचा वस्तुपाठ त्यांच्या हाताशी होता. बाकीचे न्यायाधीश आणि सरकारी वकील निरनिराळ्या राज्यांतून प्रतिनियुक्तीवर आले. खर्चही राज्यांनी वाटून घेतला. या नेमणुकीसाठी झुंबड उडाली नव्हती. इथे चार वर्षे काढली तर मूळ खात्यात बढतीच्या वेळी त्याचा उपयोग होईल की अडचण, हे कोणालाच सांगता येत नव्हते.

अधिकारांचे म्हणाल तर ते बेताचेच होते, आणि आजही तसेच आहेत. हे कार्यालय कोणाला अटक करू शकत नाही, दोषारोपपत्र दाखल करू शकत नाही, न्यायालयात उभे राहू शकत नाही. त्याने प्राथमिक चौकशी करायची, गुन्हा आणि संशयित निश्चित करायचे, आणि संशयित जिथे राहत असेल तिथल्या सरकारी वकिलाकडे फाइल सोपवायची. पुढचे यश-अपयश त्या वकिलाच्या आणि न्यायालयाच्या हाती. सुरुवातीला कक्षाही आखून दिलेली होती : जर्मनीच्या हद्दीबाहेर, प्रत्यक्ष लढाईशी संबंध नसलेल्या, नागरिकांच्या हत्या. म्हणजे छळछावण्या, ज्यू वस्त्या आणि सैन्यामागून गावोगाव फिरणारी मारेकरी पथके.

एवढ्या मर्यादेतही पहिल्या वर्षभरात सुमारे ४०० प्राथमिक चौकशा सुरू झाल्या. राज्यांच्या गुन्हे अन्वेषण पोलिसांनी जोडीला खास पथके उभी केली. या पोलिसांचे काम नाजूक होते, कारण युद्धकाळात पोलीस तुकड्यांनीही पूर्वेकडे हत्याकांडे केली होती आणि त्यांतले अनेक जण पुन्हा खात्यात रुजू झाले होते. जबाब घ्यायला गेलेल्या अंमलदाराला समोर आपलाच वरिष्ठ बसलेला दिसावा, हे कल्पनेतले नव्हे. गेओर्ग हॉयझर हा ऱ्हाइनलंड-फाल्झ राज्याच्या गुन्हे अन्वेषण पोलिसांचा प्रमुख होता. युद्धात तो मिन्स्क येथे सुरक्षा पोलिसांत होता. जुलै १९५९ मध्ये त्याला अटक झाली आणि १९६३ साली कोब्लेन्झच्या न्यायालयाने १५ वर्षांची शिक्षा ठोठावली. मध्यवर्ती कार्यालय कोणाचीही भीडभाड ठेवणार नाही, हा संदेश त्या अटकेने पोलीस खात्यात दूरवर पोचला.

शहरात स्वागत कोरडेच होते. घरमालक या कर्मचाऱ्यांना जागा द्यायला कां-कूं करत, आणि टॅक्सीत बसल्यावर कार्यालयाचा पत्ता सांगणे काही जण टाळत, असे त्या काळच्या आठवणींत येते. शहराची बदनामी होते ही तक्रार बरीच वर्षे ऐकू येत राहिली.

त्यातच पहिली मुदत संपली. ८ मे १९६० रोजी, युद्धसमाप्तीला १५ वर्षे झाली त्या दिवशी, सदोष मनुष्यवधाचे नाझीकालीन गुन्हे मुदतबाह्य ठरले. उरला फक्त खून, आणि त्यालाही २० वर्षांची मर्यादा होती.

साठचे दशक : कार्डे, खटले आणि कॅलेंडर

कार्यालयाचा कणा म्हणजे कार्डांची मध्यवर्ती सूची. संगणक नव्हता, तेव्हा प्रत्येक फाइलमधली नावे, गावे आणि तुकड्या वेगवेगळ्या कार्डांवर उतरवल्या जात. समजा, हैफातल्या एका साक्षीदाराने जबाबात सांगितले की अमुक गावात, १९४२ च्या शरद ऋतूत, हिरव्या गणवेशातल्या माणसांनी लोकांना जंगलात नेले. त्याला नाव माहीत नाही. मग गावाचे कार्ड काढायचे : तिथे त्या महिन्यांत कोणती तुकडी होती? हिरवा गणवेश म्हणजे पोलीस. तुकडीचे कार्ड काढायचे : त्यात कोण कोण होते? मग एकेका नावाचे कार्ड : जन्मतारीख, हुद्दा, आणि दुसऱ्या एखाद्या चौकशीत याच माणसाने साक्षीदार म्हणून दिलेल्या जबाबाचा फाइल क्रमांक. तीन खणांमधून हात फिरला की बेनाव माणसाला नाव मिळे. आज या सूचीत सुमारे १७ लाख कार्डे आहेत. ती लिहिणारे लिपिक, टंकलेखिका, पोलंड-रशियाचे कागद वाचून देणारे दुभाषे यांची नावे कोणत्याही निकालपत्रात आलेली नाहीत. सूचीतले कार्ड न् कार्ड मात्र त्यांच्याच हातचे आहे.

याच दशकात मोठे खटले उभे राहिले. आउशवित्झ छावणीच्या प्रकरणी मध्यवर्ती कार्यालयाने जमवलेली सामग्री आणि हेसेन राज्याचे महाअधिवक्ता फ्रिट्झ बाउअर यांचा निर्धार एकत्र आला. बाउअर यांच्या हाती १९५९ च्या आरंभी काही अर्धवट जळालेले कागद आले होते. छळछावणीतून सुटलेल्या एका गृहस्थाने युद्ध संपताना ब्रेस्लाउ शहरात ते आठवण म्हणून उचलून ठेवले होते आणि एका पत्रकाराच्या नजरेस ते पडले. पळून जाताना गोळी घातली असे दाखवलेल्या कैद्यांची आणि गोळी घालणाऱ्या पहारेकऱ्यांची नावे त्यांत होती. डिसेंबर १९६३ ते ऑगस्ट १९६५ असा वीस महिने फ्रँकफर्टचा खटला चालला. वीस आरोपींचा निकाल लागला : सतरा दोषी, त्यांतील सहा जणांना जन्मठेप, तिघे निर्दोष.

ट्रेब्लिंका या छावणीचा खटला ड्युसेलडॉर्फला झाला, सोबिबोरचा हागेनला, बेल्झेकचा म्युनिकला. बेल्झेकमध्ये साडेचार लाखांच्या आसपास माणसे मारली गेली होती आणि त्यातून वाचलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. साक्षीदार आणायचे कुठून? आठपैकी सात संशयित ‘आम्हाला हुकूम मोडणे शक्य नव्हते’ या बचावावर खटल्याआधीच सुटले. एकट्यावर खटला चालला आणि त्याला साडेचार वर्षांची शिक्षा झाली. तपास चोख असूनही पदरात काय पडेल याची शाश्वती नाही, हे कार्यालयाने तेव्हाच पचवले.

दरम्यान, ८ मे १९६५ जवळ येत होता. त्या दिवशी खुनालाही २० वर्षे पूर्ण होऊन उरलेली सगळी प्रकरणे मुदतबाह्य झाली असती. आपल्याकडे खुनाला मुदतीची मर्यादा नाही, त्यामुळे या धास्तीची कल्पना मराठी वाचकाला चटकन यायची नाही. शीतयुद्धामुळे पूर्व युरोपातल्या दफ्तरखान्यांकडे पश्चिम जर्मनीने तोवर पाठ फिरवली होती. आता घाईघाईने जगभरातल्या सरकारांकडे पुरावे मागवले गेले आणि कार्यालयाचे लोक वॉर्साला जाऊन आले. तिथे पाहतात तो न वाचलेल्या कागदांचा डोंगर. एवढे काम मे महिन्यापर्यंत उरकणे अशक्य आहे, असा स्पष्ट अहवाल गेला. १० मार्च १९६५ रोजी संसदेत झालेली चर्चा जर्मन संसदेच्या इतिहासातील थोर चर्चांत गणली जाते. तोडगा निघाला तो खास वकिली : देशात स्वतःची न्यायव्यवस्था धड चालत नव्हती ती वर्षे मोजायची नाहीत, घड्याळ १ जानेवारी १९५० पासून सुरू झाले असे धरायचे. मुदत १९६९ च्या अखेरपर्यंत वाढली. कार्यक्षेत्रही वाढले आणि बर्लिनमधल्या मुख्यालयांत बसून हुकूम काढणाऱ्यांचा तपासही कक्षेत आला.

१९६६ साली श्युले यांनी पदभार सोडला. नाझी पक्षाच्या आणि त्याच्या निमलष्करी दलाच्या जुन्या सदस्यत्वावरून त्यांच्यावर टीका होत होती. तो काळ कार्यालयाला कसोटीचा गेला, पण त्या तपशिलात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. पहिल्या आठ वर्षांत त्यांनी घालून दिलेली कामाची शिस्त पुढच्या सर्वांना उपयोगी पडली, हे नमूद केलेच पाहिजे. त्यांच्या जागी आडालबर्ट रुकर्ल आले आणि त्याच वर्षी कार्यालय आजच्या इमारतीत हलले. १९६७ ते १९७१ हा भरभराटीचा काळ : १२१ कर्मचारी, त्यांत ४९ न्यायाधीश आणि सरकारी वकील, आणि एकाच वेळी शेकडो चौकशा चालू.

याच काळात एका कायद्याने मात्र मोठा घाव घातला. १ ऑक्टोबर १९६८ पासून लागू झालेल्या, वरवर किरकोळ दंडनीय बाबींविषयीच्या कायद्यात एक कलम होते : खुनाला केवळ साहाय्य करणाऱ्याचा स्वतःचा हेतू नीच होता हे सिद्ध झाले नाही, तर त्याची शिक्षा कमी होईल. शिक्षा कमी म्हणजे मुदतही कमी, आणि ती कमी मुदत तर १९६० मध्येच संपलेली! संसदेत कोणाच्या ध्यानातही न आलेल्या या कलमामुळे बर्लिनच्या मुख्यालयातल्या मेजाशी बसून सह्या करणाऱ्या अधिकाऱ्यांवरील, वर्षानुवर्षे खपून तयार केलेली प्रकरणे गळून पडली.

सत्तरचे दशक : मुदतीचा प्रश्न निकाली

१९६९ साली खुनाची मुदत ३० वर्षांची झाली, म्हणजे १९७९ च्या अखेरपर्यंत उसंत मिळाली. ट्रेब्लिंकाचा कमांडंट फ्रान्स श्टांगल ब्राझीलमध्ये मोटारीच्या कारखान्यात नोकरी करताना सापडला होता. डिसेंबर १९७० मध्ये ड्युसेलडॉर्फच्या न्यायालयाने त्याला जन्मठेप दिली आणि पुढच्याच वर्षी तो तुरुंगात मेला.

मायदानेक छावणीचा खटला नोव्हेंबर १९७५ मध्ये सुरू झाला आणि जून १९८१ मध्ये संपला. कामकाजाचे दिवस भरले ४७४. साक्षीदार साडेतीनशेच्या आसपास, त्यांतले कित्येक दूरदेशींहून आलेले आणि वयाने थकलेले. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी दुपार होती की संध्याकाळ, पहारेकऱ्याच्या हातात चाबूक होता की काठी, असे प्रश्न बचावाचे वकील त्यांना विचारत. शेवटी जन्मठेप झाली ती एकटीला : अमेरिकेत गृहिणी म्हणून राहत असलेल्या आणि तिथून १९७३ साली ताब्यात दिलेल्या एका माजी पहारेकरणीला.

जानेवारी १९७९ मध्ये ‘होलोकॉस्ट’ ही अमेरिकन मालिका पश्चिम जर्मनीच्या दूरचित्रवाणीवर दाखवली गेली आणि घराघरांत विषय निघाला. त्या वर्षीच्या ३ जुलैला संसदेने २५५ विरुद्ध २२२ मतांनी खुनाची मुदतच रद्द केली. तिथून पुढे कार्यालयावर कॅलेंडरची टांगती तलवार राहिली नाही. प्रश्न उरला तो आरोपींच्या आणि साक्षीदारांच्या आयुष्याचा.

ऐंशी आणि नव्वदचे दशक : ओसरता काळ, नवे दफ्तरखाने

१९८४ साली रुकर्ल यांच्यानंतर आल्फ्रेड श्ट्राइम प्रमुख झाले. सोव्हिएत युद्धकैद्यांच्या हत्या हा त्यांच्या अभ्यासाचा विषय होता. १९९६ साली विली ड्रेसेन आले. या वीस वर्षांत कर्मचारी घटले, नव्या चौकशा कमी झाल्या. आता हे कार्यालय बंद करून कागद दफ्तरखान्यात टाका, असा सूर अधूनमधून उमटत असे.

पण १९८९ साली बर्लिनची भिंत पडली आणि पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांनी दडवून ठेवलेले नाझीकालीन कागद खुले झाले. पूर्व युरोपातल्या देशांशी सरळ पत्रव्यवहार सुरू झाला. अर्जेंटिनाने १९९० मध्ये ताब्यात दिलेल्या योझेफ श्वाम्बेर्गर याला मे १९९२ मध्ये स्टुटगार्टच्या न्यायालयात जन्मठेप झाली. तो खटला चालवणारे सरकारी वकील कुर्ट श्रिम पुढे २००० साली मध्यवर्ती कार्यालयाचे प्रमुख झाले.

कार्यालयाच्या कागदांचा दुसरा उपयोगही या काळात जगापुढे आला. हॅम्बुर्गच्या १०१ क्रमांकाच्या राखीव पोलीस तुकडीतील माणसांचे जबाब वाचून अमेरिकन इतिहासकार ख्रिस्तोफर ब्राउनिंग यांनी १९९२ साली ‘ऑर्डिनरी मेन’ हे पुस्तक लिहिले. त्या प्रकरणाचे दोषारोपपत्र त्यांच्या हाती लागले ते लुडविग्सबुर्गलाच. २००० साली जर्मन राष्ट्रीय दफ्तरखान्याने याच इमारतीत शाखा उघडली आणि जुन्या फाइलींचा सांभाळ आपल्याकडे घेतला. तपास आणि इतिहास यांचा संसार तेव्हापासून एका छपराखाली चालू आहे.

२००० ते २०११ : एका ओळखपत्राची कथा

या दशकातली सर्वांत मोठी घडामोड सुरू झाली ती १३९३ क्रमांकाच्या एका ओळखपत्रापासून. ट्राव्निकी येथे पहारेकऱ्यांना तयार करणारी छावणी होती. तिथे दिलेल्या या ओळखपत्रावर छायाचित्र, उंची, पाठीवरच्या व्रणाची खूण आणि बदल्यांची नोंद होती. एका नोंदीत लिहिले होते : २७ मार्च १९४३, सोबिबोर. ओळखपत्र इव्हान डेम्यान्युकचे. युद्धानंतर हा माणूस अमेरिकेत जाऊन मोटारीच्या कारखान्यात कामाला लागला होता. ट्रेब्लिंकाचा कुप्रसिद्ध पहारेकरी समजून इस्रायलने त्याला १९८८ साली देहान्ताची शिक्षा दिली होती. माणूस तो नव्हे अशी शंका आल्याने तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३ मध्ये ती रद्दही केली होती.

जुन्या पद्धतीने पाहिले तर प्रकरण संपल्यात जमा होते. अमुक दिवशी अमुक माणसाला याने मारले, असे सांगणारा साक्षीदार नव्हता. २००८ साली कार्यालयातले थोमास वाल्थर आणि कीर्स्टेन ग्योट्झे यांनी प्रश्नच वेगळ्या बाजूने मांडला. सोबिबोर ही कामाची छावणी नव्हती, तिचा एकमेव उद्देश माणसे मारणे हा होता. तिथे पहारा देणारा प्रत्येक जण ते यंत्र चालू ठेवत होता. मग नेमकी कोणती हत्या, हे सिद्ध करण्याची गरज काय? कोणत्या तारखांना तो तिथे होता आणि त्या तारखांना किती आगगाड्या आल्या, एवढे पुरे. आगगाड्यांच्या याद्या उपलब्ध होत्या.

१२ मे २०११ रोजी म्युनिकच्या न्यायालयाने हा युक्तिवाद मान्य केला. २८,०६० जणांच्या खुनात साहाय्य केल्याबद्दल पाच वर्षांची शिक्षा झाली. अपील चालू असतानाच मार्च २०१२ मध्ये आरोपी वारला, त्यामुळे निकाल कायम झाला नाही. पण कार्यालयाला वाट सापडली होती.

२०११ पासून आजपर्यंत : शेवटच्या पिढीचा तपास

वाट सापडली तेव्हा आरोपी नव्वदीला टेकले होते. कार्यालयाने छावण्यांच्या पहारेकऱ्यांच्या जुन्या याद्या पुन्हा उघडल्या आणि सप्टेंबर २०१३ मध्ये आउशवित्झच्या ३० माजी पहारेकऱ्यांची प्रकरणे सरकारी वकिलांकडे पाठवत असल्याचे जाहीर केले. त्यांतली बहुतेक आजारपणाने किंवा मृत्यूने निकाली निघाली. पण जुलै २०१५ मध्ये ल्युनेबुर्गच्या न्यायालयाने ओस्कार ग्रोनिंग याला ३ लाख खुनांत साहाय्य केल्याबद्दल चार वर्षांची शिक्षा दिली. तो कैद्यांकडून काढून घेतलेल्या पैशांचा हिशेब ठेवत असे. सप्टेंबर २०१६ मध्ये सर्वोच्च फौजदारी न्यायालयाने ही शिक्षा कायम केली आणि नवा विचार कायद्यात पक्का झाला.

२०१५ मध्ये श्रिम यांच्यानंतर येन्स रोमेल प्रमुख झाले, २०२० मध्ये थोमास विल. निव्वळ मृत्यूसाठी उभारलेल्या छावण्यांपलीकडे जाऊन श्टुटहोफ, झाक्सेनहाउझेन अशा छावण्यांचा तपास वाढला. जुलै २०२० मध्ये हॅम्बुर्गला श्टुटहोफच्या एका माजी पहारेकऱ्याला दोषी ठरवले गेले. गुन्ह्याच्या वेळी तो अल्पवयीन होता म्हणून खटला बाल न्यायालयात चालला, आरोपीच्या पिंजऱ्यात होते ९३ वर्षांचे आजोबा. जून २०२२ मध्ये झाक्सेनहाउझेनच्या एका पहारेकऱ्याला पाच वर्षांची शिक्षा झाली तेव्हा त्याचे वय १०१ होते.

श्टुटहोफच्या कमांडंटच्या कचेरीत टंकलेखिका असलेल्या एका स्त्रीवरचा खटला इट्झेहो येथे चालला. पहिल्या तारखेला, ३० सप्टेंबर २०२१ रोजी, ती वृद्धाश्रमातून टॅक्सीने निघून गेली आणि काही तासांनी पोलिसांना सापडली. बचावाचा मुद्दा असा की कचेरीत बसणारीला बाहेर काय चालले आहे हे कळत नव्हते. न्यायाधीश स्वतः पोलंडला जाऊन ती कचेरी पाहून आले आणि तिथून छावणीचा कोणता भाग दिसतो हे त्यांनी नजरेखाली घातले. डिसेंबर २०२२ मध्ये १०,५०५ खुनांत साहाय्य केल्याबद्दल तिला दोन वर्षांची स्थगित शिक्षा झाली. ऑगस्ट २०२४ मध्ये वरच्या न्यायालयाने ती उचलून धरली. टंकलेखनाचे काम करणारी नागरी कर्मचारीही हत्येच्या यंत्रणेचा भाग ठरू शकते, हे त्यातून स्पष्ट झाले.

पश्चिम जर्मनीत आणि नंतरच्या एकत्रित जर्मनीत नाझी गुन्ह्यांसाठी एक लाखाहून अधिक लोकांची चौकशी झाली आणि दोषी ठरले ते सुमारे साडेसहा हजार. मध्यवर्ती कार्यालयाने स्वतः ७,६०० हून अधिक प्राथमिक चौकशा पार पाडल्या. आकड्यांमधली ही दरी कार्यालयातल्या कोणी कधी लपवली नाही. ती दरी का राहिली, याची कारणे वरच्या पानांत विखुरलेली आहेत : उशिरा झालेली सुरुवात, १९६० ची मुदत, १९६८ चे कलम, आणि प्रत्येक गोळीचा वेगळा हिशेब मागणारी जुनी न्यायालयीन पद्धत.

आज कामाची रीत अशी आहे. एखाद्या छावणीची कर्मचारी-यादी, वेतनपत्रक किंवा बदलीचा हुकूम घ्यायचा. त्यातली जन्मसाले पाहायची. वयोमानाने आज हयात असणे शक्य नाही अशांवर काट मारायची. उरलेल्यांची नावे नागरिक नोंदणी आणि निवृत्तिवेतनाच्या दप्तरांशी ताडून पाहायची. बहुतेक नावांपुढे मृत्यूची तारीख येते. एखादे नाव तसे उरलेच, तर तो माणूस त्या छावणीत कोणत्या तारखांना होता आणि त्या काळात तिथे काय घडले, याचा अहवाल करून फाइल संबंधित सरकारी वकिलाकडे जाते. आरोपी सुनावणीला तोंड देऊ शकेल का, हे पुढे डॉक्टर ठरवतात.

राज्यांच्या न्यायमंत्र्यांनी २०१५ मध्ये ठरवले आहे की तपासाचे काम शिल्लक आहे तोवर कार्यालय चालू राहील आणि त्यानंतरही ही जागा कागदपत्रे, संशोधन आणि शिक्षणासाठी राखली जाईल. दुसऱ्या भागाची सुरुवात झालेलीच आहे. स्टुटगार्ट विद्यापीठाचे संशोधन केंद्र इथे आहे आणि जवळच्या जुन्या वेशीत ‘लुडविग्सबुर्गचे तपासनीस’ हे प्रदर्शन २००४ पासून मांडलेले आहे. शाळांचे वर्ग राष्ट्रीय दफ्तरखान्याच्या शाखेत येतात. तपास विभागातली मोजकी माणसे छावण्यांच्या उरलेल्या याद्या तपासत आहेत, आणि एखादे नाव जिवंत निघाले की त्याची फाइल आजही सरकारी वकिलाकडे रवाना होते.